घटनास्थळी धाव

रात्री साडेअकराला आलेली ती बातमी जेमतेम नऊ ओळींची होती. बार्देशातल्या एका गावात पालखीच्या मानावरून दोन गटांत बाचाबाची झाली, पोलीस आले, जाणत्यांनी मध्यस्थी केली, आणि खबरदारी म्हणून 'क्यूआरटी', म्हणजे पोलिसांची क्विक रिस्पॉन्स टीम, ठेवण्यात आली. बातमीदाराने ती तीन अक्षरं तशीच पाठवली होती. पान सोडायला पंधरा मिनिटं उरली होती, खालून छपाईवाल्यांचा दोनदा फोन येऊन गेला होता. 'जलद प्रतिसाद पथक' लिहून पाहिलं, पण मथळा तिसऱ्या ओळीत जात होता. मग ते पुसलं आणि लिहिलं, 'पालखीच्या मानावरून तणाव; शीघ्र कृती दल दाखल'. दोन ओळींत नेमकं बसलं. पान गेलं, मी चष्मा काढून डोळे चोळले, आणि पणजीहून म्हापशाला येणाऱ्या ऑफिसच्या गाडीत मांडवीच्या पुलावरच मला झोप लागली.

सकाळी साडेसहाला फाटकाची कडी वाजली. शेजारच्या काकी. वय ऐंशीच्या घरातलं, केस न विंचरलेले, एका हातात पेपर. मथळ्यावर अंगठा दाबून धरलेला, इतका घट्ट की शाई बोटाला लागली होती. "बाये, तुमच्या पेपरार कितें आयलां हें? म्हज्या धुवेच्या गांवांत मिलिटरी आयल्या?" त्यांची मधली लेक त्याच गावात दिलेली आहे, हे मला ठाऊक होतं. वीस वर्षं शेजारी राहते मी. त्या लेकीच्या लग्नाचे लाडू वळायलाही बसले होते. पण रात्री मथळा जुळवताना ती एकदाही आठवली नाही. मिलिटरी वगैरे काही नाही, असं मी सांगू लागले, तर काकी म्हणाल्या, "दल म्हळ्यार मिलिटरीच न्हय?"

लेकीचा फोन लागत नव्हता. लागेपर्यंत नऊ वाजले. तोवर काकी आमच्या सोप्यावर बसून होत्या. चहा केला, त्यावर साय धरली. मी बातमीदाराला झोपेतून उठवलं. त्याने सांगितलं की सहा जण होते, एक गाडी होती, तळीच्या काठावर उभे राहिले आणि आरती झाल्यावर गेले. शेवटी लेकीचाच फोन आला. मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. "कांयच ना गे आये, पालखी रातीच भोंवली. पोलीस प्रसाद घेवन गेले." काकींनी फोन माझ्या हातात दिला, पदराने तोंड पुसलं आणि थंडगार झालेला चहा एका दमात प्यायल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

शीघ्र कृती दल म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मराठी वर्तमानपत्राच्या टेबलावर काही वर्षं काढलेल्या कुणालाही ते माहीत असतं. हे नाव आपण 'रॅपिड ॲक्शन फोर्स'ला दिलेलं आहे. ते केंद्रीय राखीव पोलीस दलाचं अंग, १९९२ च्या ऑक्टोबरात उभं राहिलेलं, ९९ ते १०८ क्रमांकाच्या दहा बटालियननी सुरू झालेलं, खास दंगलींसाठी. त्यांचा निळा गणवेश गर्दीत लांबूनही ओळखू येतो. त्यांची एक तुकडी नवी मुंबईजवळच्या तळोज्याची. ते दल गावात येतं तेव्हा गाव पेटलेलं असतं, निदान पेटण्याची पक्की भीती असते. क्यूआरटी ही वेगळी गोष्ट. ती राज्य पोलिसांचीच छोटी, हत्यारबंद, तयार तुकडी. इफ्फीच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या दिवसांत पणजीला जुन्या गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) इमारतीसमोर काळ्या कपड्यांतली जी मुलं गाडीला टेकून उभी दिसतात, ती. त्यातल्या एखाद्याच्या पायाशी रस्त्यावरचं कुत्रं निवांत झोपलेलं मी पाहिलं आहे. दोन्ही नावांत 'लवकर' हा अर्थ आहे, एवढ्यावर मी एकाच्या जागी दुसरं ठेवलं. दुसऱ्या दिवशी संपादकांना सांगून आतल्या पानावर दोन ओळींची दुरुस्ती घेतली. काकी आतली पानं वाचत नाहीत. पहिलं पान आणि मरणाच्या जाहिराती, एवढंच त्यांचं वाचन.

तेव्हापासून ही नावं माझ्या डोक्यात घोळतात. शीघ्र हा शब्द तसा गोड. लहानपणी आमच्या गावच्या वाचनालयात शीघ्रकवी येत. श्रोत्यांतून कुणी एक शब्द द्यायचा, की ते उभ्या उभ्या चार ओळी रचत, आणि आम्ही पोरं तोंडाचा आ करून बघत राहायचो. शीघ्रकोपी माणसंही घरोघर असतात. राग येतो तसा जातो, म्हणून त्यांचं फारसं कुणी मनावर घेत नाही. 'कृती' तर स्वयंपाकघरातलीच, आंबाड्याच्या सासवाची कृती, मणगण्याची कृती. पण दोन्ही शेजारी ठेवून पुढे 'दल' जोडलं की काय होतं कोण जाणे, अंगावर काटा येतो. कसली कृती, कुणावर कृती, ते नावात सांगितलेलं नसतं. ज्याच्यावर ती होणार त्याला तर ते विचारायचीही सोय नसते. उलट 'प्रतिसाद' घ्या. त्यात आधी साद आहे. कुणीतरी हाक मारलेली आहे, कुणाला तरी ती ऐकू गेली आहे आणि उत्तर आलेलं आहे. जलद प्रतिसाद पथक हे नाव लांबलचक आहे, अगदी सरकारी फायलीतून उतरल्यासारखं, तोंडात बसत नाही. तरीही येणारा माणूस कुणाच्या तरी हाकेवर येतो, एवढं ते सांगतं. शीघ्र कृती दल येतं ते आपलं आपण. मी त्या रात्री मथळ्याची एक ओळ वाचवताना नेमकी ती हाक कापली होती.

आमच्या धंद्याचे शब्दही असेच. धाड, छापा, फौजफाटा, जादा कुमक, चोख बंदोबस्त. जुन्या लढायांतून उतरलेले शब्द रोज आठव्या पानावर चोरट्या दारूच्या बातमीला जुंपायचे. 'पथक' सुद्धा घोडेस्वारांचं. छापा हा शब्द मला नेहमी विचारात पाडतो, कारण छापतो तोही छापा आणि घालतो तोही छापाच. पण सगळ्यात जास्त वेळा मी लिहिलेलं वाक्य म्हणजे 'घटनास्थळी धाव घेतली'. अपघात असो, आग असो, विहिरीत पडलेलं माणूस असो, 'माहिती मिळताच पोलिसांनी घटनास्थळी धाव घेतली'. पंचवीस वर्षांत हे वाक्य किती हजार वेळा माझ्या हाताखालून गेलं असेल. एकदाही मी विचारलं नाही, धावले का?

धाव हा आपला फार जुना शब्द आहे. देवाचा धावा करतात तो हाच. संकटात सापडलेल्याची हाक आणि तिच्यासरशी सुटलेल्याची धाव, दोन्हींसाठी एकच धातू. माझी आजी तुळशीपुढे धावा म्हणायची तेव्हा तिला देव बसून ऐकेल असं वाटत नव्हतं. तो ताटावरून उठून येईल, असं वाटायचं. लहानपणी वाड्यावर गवताच्या उडवीला आग लागली की "धांवात रे" अशी आरोळी उठे आणि खरोखरच माणसं धावत येत, कमरेला पंचा असेल तसे, हाताला लागेल ती घागर घेऊन. त्यांना कुणी नाव दिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती परत कुळागरात पाणी सोडायला गेलेली असत.

'भरारी पथक' हा शब्द मला पहिल्यांदा भेटला तो दहावीला. तोवर भरारी म्हणजे घारीची, गरुडाची, निबंधात शेवटच्या परिच्छेदात घ्यायची. गोवा बोर्डाची परीक्षा, मार्च-एप्रिलचा उकाडा, वर्गाच्या खिडकीबाहेर चिकूचं झाड. गणिताच्या पेपराला तासभर झाल्यावर लाल मातीच्या रस्त्यावरून जीपचा आवाज आला, आणि पर्यवेक्षक बाईंच्या चपलांचा ताल एकदम बदलला. कुणीतरी कुजबुजलं, "भरारी पथक." मागच्या बाकावरून कागद चुरगळल्याचे आवाज, एकाच वेळी तीन मुलांना लघवीला जायचं होतं. माझ्या शेजारी बसलेल्या मुलीजवळ काहीही नव्हतं. ती वर्गातली पहिली. तरी तिचा हात थरथरत होता आणि कंपासचं टोक कागदात घुसून भोक पडलं. तिघं माणसं दारात आली, सगळ्यांवर नजर फिरवली, एका मुलाची बाही उलटून पाहिली आणि निघून गेली. तीन-चार मिनिटं फार तर. ती मुलगी उरलेला पेपर नीट सोडवू शकली नाही. घारीला कुठलं पिल्लू अपराधी आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं, सावली पडली की सगळीच पिल्लं दडतात. आता निवडणूक आली की तेच नाव पुन्हा भेटतं. पत्रादेवीच्या, पोळ्याच्या सीमेवरच्या नाक्यांवर गाड्या थांबवून पिशव्या उघडून बघणारी भरारी पथकं. २०१८ मध्ये निवडणूक आयोगाने 'सी-व्हिजिल' नावाचं ॲप आणलं. कुठे पैसे किंवा दारू वाटताना दिसलं की फोटो पाठवायचा, पंधरा मिनिटांत पथक तिथे पोहोचायला हवं आणि १०० मिनिटांत तक्रारीचा निकाल लागायला हवा. कागदावरचे ते आकडे वाचताना मला हायसं वाटतं, आणि त्याच वेळी ते कंपासचं टोकही आठवतं.

हे नाव आलं कुठून ते शोधताना मी लंडनला पोहोचले. पहिलं महायुद्ध संपलं, सैनिक घरी परतले, लुटालूट वाढली. शहराची पोलिसी विभागाविभागांत वाटलेली, एका विभागाच्या पोलिसाने दुसऱ्याच्या हद्दीत जायचं नाही. चोरांना तसली अडचण नव्हती. १९१९ मध्ये फ्रेडरिक वेन्स्ली या अधिकाऱ्याने बारा गुप्त पोलीस निवडले आणि त्यांना हद्दीतून मोकळं केलं. सारं लंडन त्यांचं. विमान सोडाच, त्यांच्याकडे मोटारसुद्धा नव्हती. रेल्वे कंपनीची भाड्याची झाकलेली घोडागाडी होती, तिच्या कनातीला भोकं पाडलेली, आत बसून त्या भोकांतून रस्ता बघायचा. पुढच्या वर्षी युद्धातून उरलेल्या दोन क्रॉसली मोटारी मिळाल्या, ताशी पस्तीस-चाळीस मैल पळणाऱ्या, जेव्हा कायद्याने २० मैलांच्या वर जायची कुणाला परवानगी नव्हती. आणि 'फ्लाइंग स्क्वॉड' हे नाव? त्यांच्या वरिष्ठांनी त्याला काहीतरी मोबाइल पेट्रोल असं रूक्ष नाव दिलं होतं. उडतं पथक म्हणाला तो 'डेली मेल'चा एक बातमीदार, १९२० मध्ये. तेच चिकटलं. पुढे लंडनच्या गल्ल्यांतल्या लोकांनी यमक साधून त्यांना 'स्वीनी' म्हणायला सुरुवात केली. स्वीनी टॉड हा गोष्टीतला गिऱ्हाइकांचे गळे कापणारा न्हावी.

ती माहिती वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. म्हणजे नाव ठेवलं ते आमच्यासारख्याच कुणीतरी, पान सोडायच्या घाईत. शंभर वर्षं ते जगभर फिरलं, मराठीत येऊन भरारी झालं, आणि माझ्या शाळेच्या दारात उतरलं.

पणजीच्या टेबलावर बसून ठेवलेल्या नावांना लोक कितपत किंमत देतात, हाही प्रश्नच आहे. आमच्याकडे पोलिसांच्या गस्ती गाडीला लोक सरळ 'रोबोट' म्हणतात. रोबोट आली, रोबोट उभी आहे. मला ते नाव कधी आवडलं नाही. यंत्रमानव म्हणजे आत माणूस नाही असं होतं, आणि मला त्या गाडीतला माणूस माहीत आहे. निदान एक तरी.

२००६ चा पावसाळा असेल. बाबा जाऊन वर्ष झालं नव्हतं. डिचोलीच्या घरात आई एकटी, मी रात्रपाळीला. दीडच्या सुमारास मागच्या पडवीत काहीतरी आपटलं, मग कौलं सरकल्यासारखा आवाज. वीज गेलेली. आईने मला फोन केला, मी पणजीहून १०० ला लावला, तिथून डिचोलीला निरोप गेला. मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून दर पाच मिनिटांनी आईशी बोलत होते. पंचवीस-तीस किलोमीटर म्हणजे किती लांब असतं, ते मला त्या रात्री कळलं. ती कुजबुजत बोलत होती, आणि तिच्या आवाजापेक्षा पत्र्यावरचा पाऊसच जास्त ऐकू येत होता. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मी त्या माणसांना मनात नाही नाही ते बोलले. झोपले असतील, चहा पीत असतील, एका म्हातारीसाठी कोण पावसात निघतो. चाळीस मिनिटांनी आई म्हणाली, "दिवे दिसले गं." आणि फोन तसाच चालू ठेवून ती दार उघडायला गेली.

जे ऐकलं ते असं. एक गाडी, दोघं जण, त्यातला एक अगदी कोवळा. वाटेत झाड पडलं होतं, ते बाजूला करून आले होते. त्यांनी घराला दोन फेऱ्या मारल्या, मागच्या पडवीत उदमांजराने मडकं पाडलेलं निघालं. थोरला गाडीत जाऊन बसला. धाकटा आत आला, येताना उंबऱ्याबाहेर बूट काढले. आईने नको म्हटलं तरी काढले. भिजलेल्या मोज्यांची ओली पावलं जमिनीवर उमटली. त्याने पाणी मागितलं आणि म्हणाला, "आये, तूं भिवूं नाका, वीज येय मेरेन हांव हांगा बसतां." पाऊण तास बसला. आईने पुढे कित्येक वर्षं ही गोष्ट पाहुण्यांना सांगितली, आणि त्यात चाळीस मिनिटं कधीच आली नाहीत. झाड यायचं, उदमांजर यायचं, आणि बूट यायचे. "टांच पार झिजलेली हो," ती म्हणायची, "सरकार त्यांना नवे बूट देत नाही का?" मी मात्र ती चाळीस मिनिटं अजून विसरलेले नाही. तेव्हा तिथे खरंच कुणी असतं तर? आई मला म्हणे, तू उगीच हिशेब करतेस. पण हिशेब करायला हवा असं मला आजही वाटतं. तो मुलगा चांगला होता, आणि चाळीस मिनिटं फार होती. यातलं एक सांगून दुसरं मिटत नाही.

त्या झिजलेल्या टाचेवरून मला राखणदार आठवतो. गोव्यात गावागावाला राखणदार असतो. रात्री हातात दांडा घेऊन तो शिवेवरून फिरतो, वाट चुकलेल्याला घरापर्यंत पोचवतो. त्याला वहाणा वाहायच्या. चालून चालून त्या झिजतात, म्हणून पुन्हा नव्या वाहायच्या. आमच्या म्हापशाचा बोडगेश्वर शेतात उभा असतो, दांडा आणि मशाल घेऊन. रात्री उशिरा ऑफिसच्या गाडीतून उतरले की त्या दिशेला माझे हात आपसूक जोडले जातात. कुठल्याही लेखात त्याला आजवर कुणी शीघ्र म्हटलेलं नाही. तो वेगाने येतो असं कुणी सांगत नाही. तो 'असतो', एवढंच सांगतात. लोकांना पोलिसांकडून नेमकं हेच हवं असतं का? पण मग १०० च्या जागी ११२ कशाला आला, गाडी नकाशावर दिसायची सोय कशाला झाली? रक्त वाहत असताना देवळाच्या दिशेने हात जोडून भागत नाही. लवकर या, असंच म्हणावं लागतं. मीही जिन्यात उभी राहून तेच म्हणत होते.

काकींना मात्र मी त्या सकाळनंतर बरेच दिवस टाळत होते. एका संध्याकाळी त्यांनीच हाक मारली. सोप्यावर बसून त्या अळसांदे सोलत होत्या. मी तो विषय काढला आणि माफी मागितली, ती मागायला उशीरच झाला होता. त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. म्हणाल्या, तुझं काही नाही गं, मलाच तसं होतं. त्यांचं माहेर पेडण्याच्या वरच्या अंगाला. १९५५ च्या पावसाळ्यात त्या नऊ-दहा वर्षांच्या असतील. त्या ऑगस्टच्या पंधराला पत्रादेवीला आणि दुसऱ्या वाटांनीही निःशस्त्र सत्याग्रही हद्दीतून आत येत होते आणि पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या चालवल्या. त्याच्या थोड्या दिवसांनी एका पहाटे काकींच्या घरी पाखले, म्हणजे पोर्तुगीज शिपाई, आले. कुणी तरी चुगली केली होती, की घरात पत्रकं लपवली आहेत. "बेगीन आयले," काकी म्हणाल्या. इतक्या लवकर आले की आवाज ऐकून चूल पेटवायच्या आत अंगणात बूट वाजले. त्यांनी तांदळाचं मडकं उलटं केलं, उकड्या तांदळाचा ढीग शेणाने सारवलेल्या जमिनीवर पसरला, आणि काठीने ढवळून बघितला. पत्रकं निघाली नाहीत. त्यांच्या काकांना घेऊन गेले ते आठ दिवसांनी आले. त्यांची आई ते तांदूळ दिवसभर निवडत होती, एकेक माती लागलेला दाणा वेगळा करत. "ते पळत आयिल्ले बाये. चलत न्हय, पळत."

मी काही बोलू शकले नाही. त्यांच्याबरोबर शेंगा सोलत बसले.

ऑफिसात आता माझ्या संगणकाशेजारी एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर हाताने लिहिलेली यादी: क्यूआरटी म्हणजे जलद प्रतिसाद पथक, शीघ्र कृती दल फक्त केंद्राचं, भरारी पथक निवडणूक, परीक्षा, अबकारी. नवीन मुलांना मी ती पाठ करायला लावते. त्यांना वाटतं मी शुद्धलेखनाची कडक आहे. मथळा तिसऱ्या ओळीत गेला तर जाऊ दे म्हणते. बातमी लहान करा, नाव लहान करू नका. आणि 'घटनास्थळी धाव घेतली' आलं की बातमीदाराला फोन करून विचारते, किती वाजता कळवलं, किती वाजता पोचले, कसे गेले. पहिले काही महिने मुलं वैतागली. बहुतेक वेळा उत्तर एकच असतं, मॅडम, गाडीने गेले, आणखी कसे जाणार. मग मी 'पोलीस घटनास्थळी पोहोचले' असं करते, जमलं तर वेळ घालते.

गेल्या आषाढात तिसवाडीतून एक बातमी आली. भरतीच्या वेळी खाजनाचा, म्हणजे खाडीकाठच्या शेतीचा, बांध फुटला होता, पलीकडच्या मानशीवर, बांधातल्या पाण्याच्या दारावर, दोन माणसं अडकली होती, अंधार पडत आला होता. अग्निशमनवाले दोरखंड घेऊन दुसऱ्या बाजूने निघाले होते. बातमीत तेच वाक्य: माहिती मिळताच पोलिसांनी घटनास्थळी धाव घेतली. मी फोन लावला. मुलगा अजून तिथेच होता, वाऱ्याने त्याचा आवाज तुटत होता. विचारलं, कसे गेले? तो म्हणाला, बांधावर गाडी जात नाही ना मॅडम, अर्धा-पाऊण किलोमीटर. रस्त्यावर गाडी सोडली आणि गेले. म्हटलं, गेले म्हणजे? चालत?

"ना ना, मॅडम. धावत. चौघं होते. एकाची चप्पल... बूट चिखलात राहिला, तो तसाच गेला."

माणसं? मी विचारलं. काढली, दोन्ही, तो म्हणाला.

मी फोन ठेवला, वाक्याला हात लावला नाही, आणि पान सोडलं.